केसरबाईच्या पायाचं माप

कडुबा दाभाडेनं आयुष्यभर ज्या वस्तू केल्या, त्यांतली एकही कुणी वापरली नाही. तो धंदाच तसा होता. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पोलाद ओतणारी एक फौंड्री होती, तिथं तो पॅटर्नमेकर. पंपाचं कवच असो, व्हॉल्व्हचं अंग असो, ओतायच्या वस्तूचा लाकडी नमुना आधी त्याच्या हातून व्हायचा. तो नमुना वाळूत दाबायचे, भोवतीची वाळू ठोकून घट्ट करायचे आणि नमुना अलगद उचलून घ्यायचे. मागं राहायची ती पोकळी. तिच्यात वितळलेलं पोलाद ओतायचे. पोलाद ट्रकमध्ये बसून गावोगाव जायचं आणि नमुना मांडणीवर धूळ खात पडायचा.

पोलाद निवताना आकसतं. म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा करावा लागतो. किती मोठा, याचा हिशेब कुणी डोक्यात करत नाही. त्यासाठी पट्टीच वेगळी असते. दिसायला ती साध्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरची प्रत्येक रेघ थोडी लांब लांब मारलेली. तिच्यावरचे शंभर म्हणजे खरे एकशेदोन. कारागिरानं कागदावरचा आकडा वाचायचा, त्या पट्टीनं लाकूड कापायचं आणि आकसण्याची काळजी पट्टीवर सोडून द्यायची. कडुबानं ती काळजी बत्तीस वर्षं पट्टीवर सोडली होती.

मग कंपनीत नमुने कोरणारं मशीन आलं. कडुबाच्या तीन महिन्यांच्या कामाला त्याला दोन दिवस लागायचे. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली आणि विचारलं, “अजून काय पाहिजे, सांग.” त्यानं आपली पट्टी मागितली. साहेब हसले. पट्टीच्या कडेला कोरलेली अक्षरं अंगठ्याच्या घासण्यानं केव्हाच बुजली होती. आकडे तेवढे राहिले होते.

मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत त्यानं त्या पट्टीनं पुढची आठ वर्षं बरंच काही केलं. भांड्यांची मांडणी केली, दाराला नवी चौकट बसवली, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांचं कपाट केलं. सगळं चपखल बसलं. बसणारच. खोली त्याच पट्टीनं मोजलेली आणि फळीही त्याच पट्टीनं कापलेली. दोन्ही बाजूंनी सारखंच खोटं बोललं, की ते खरंच ठरतं. ती पट्टी कशासाठी बनलेली होती, हे कडुबाला कुणी विचारलं असतं तर त्यानं झोपेतही सांगितलं असतं. पण विचारायला कोण होतं? आठ वर्षं घरात दुसरी पट्टीच नव्हती.

काम सुटल्यावर तो बोलेनासा झाला. भांडण नाही, तक्रार नाही. नुसता ओट्यावर बसून असायचा. केसरबाई, त्याची बायको, एका शाळेत शिपाई होती. तीस वर्षं तिनं घंटा दिली, पोरांच्या मागं पळाली. तिच्या पायाला स्वस्थता नव्हती. पिशोरला माहेरी गेली तर बसस्टँडवरून शेतापर्यंत चालत जायची. ती निवृत्त झाली आणि घरात दोन माणसं झाली; एक बसलेलं, एक फिरतं. पोरगी विशाखा लग्न होऊन नाशिकला. फोनवर ती विचारायची, “बाबा काय करतात?” केसरबाई म्हणायची, “बाबा काय, मांडणीवरच्या डब्यासारखे हायत. झाकण लावून.”

तिला साखर होतीच. पासष्टीच्या आसपास तळव्यांतली जाणीव गेली. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. एका उन्हाळ्यात तिनं गच्चीवरच्या तापल्या पत्र्यावर उभी राहून कुरडया वाळत घातल्या आणि खाली येऊन भाकरी थापायला बसली. तळव्यांना सुपारीएवढे फोड आलेले कडुबाला दिसले ते ती मांडी घालून बसली तेव्हा.

“अगं, पाय बघ!”

तिनं पाय उचलून पाहिला. एखाद्या शेजारणीचा पाय पाहावा तसा पाहिला.

डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला पक्की. “आजी, पायाला कळत नाही आता. म्हणून डोळ्यांनी कळून घ्यायचं. रोज सकाळी आरशात तळवे बघायचे. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. आणि चप्पल अशी पाहिजे की अंगठ्यापुढं जागा राहील, कुठं घासणार नाही. एक जखम चिघळली तर पाय जातो. घाबरवत नाही, सांगते.”

दवाखान्याजवळच्या दुकानात तसल्या चपला मिळत होत्या. काळ्या, जाड, पट्ट्यापट्ट्यांच्या. केसरबाईनं एक पायात घालून पाहिली आणि काढून ठेवली. “ह्या चपला हायत का? मढ्याच्या पायात घालायच्या वाटू लागल्या. अन् ह्या घालून सैपाकघरात जाऊ? विहारात वंदनेला बसू?”

“घालावं लागंल.”

“तुमी करा मंग दुसरी. तुमी लई मोठे कारागीर ना!”

ती चिडवायला बोलली. पण कडुबानं ते ऐकलं. कित्येक वर्षांत कुणी त्याला काही करायला सांगितलं नव्हतं.

वाट दाखवली सांडूनं. सांडू फौंड्रीत वाळूचे साचे भरायचा. कडुबाचे नमुने वाळूतून उचलणारा हात त्याचाच. आता तो रेल्वे स्टेशनजवळच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत एका शेडवर वॉचमन होता. शेडमध्ये काही शिकलेल्या पोरापोरींनी खुली कार्यशाळा मांडली होती.

“लेझरनं कापायचं मशीन हाय, प्लॅस्टिकची तार वितळवून वस्तू उभी करणारं मशीन हाय, काम्प्युटर हायत,” सांडू म्हणाला. “मंगळवारी अन् शनवारी कुणी बी यावं. फुकट. चहा बी देतेत.”

“फुकट कोण देतं रे?”

“मी बी तेच इचारलं. ती बाई म्हणली, इथं जे शिकलं ते दुसऱ्या एकाला शिकवायचं, अन् जे केलं त्याचा नकाशा सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा. बस. एवढंच भाडं.”

ती बाई म्हणजे दीपमाला. तिशीची, इंजिनियर, सिल्लोडची. कंपनीतली नोकरी सोडून इथं आलेली. पहिल्या दिवशी तिनं कडुबाला खुर्चीवर बसवलं आणि त्याचा हात माऊसवर ठेवला. पडद्यावर एक करडा ठोकळा उगवला.

“हा ठोकळा धरा, काका, आणि फिरवा.”

ठोकळा फिरला. कडुबानं हात झटकन मागं घेतला. लाकूड नाही, वजन नाही, भुसा नाही, वास नाही. आणि तरी ठोकळ्याची मागची बाजू दिसली.

“ह्याला रंधा कुठून मारायचा?”

“हवा तिथून. चुकलात तर हे बटण दाबा, परत आधीसारखा.”

“चुकलेलं परत येतं?”

“येतं.”

“मंग कारागिराची काय गरज राहिली?” तो म्हणाला. दीपमाला हसली, तो हसला नाही.

पण तो जात राहिला. चार महिने, दर मंगळवारी, दर शनिवारी. सॉफ्टवेअर फुकटचं होतं, इंग्रजी होतं, आणि त्याची बटणं कडुबा चित्रांवरून ओळखायला शिकला. छिन्नीवर सफाईनं चालणारा त्याचा हात माऊसवर अडखळायचा. कॉलेजची पोरं त्याला “काका, डबल क्लिक, डबल!” म्हणून ओरडायची. मग एक दिवस त्यांचं एक झाकण साच्यातून निघेना, तेव्हा त्यानं पाहून सांगितलं, “बाजू सरळ ठेवल्या तुमी. जरा उतार द्यावा लागतो, नायतर वस्तू साचा सोडत नाय.” पोरांनी उतार दिला. झाकण सुटलं. त्या दिवसापासून कुणी ओरडलं नाही. घरी येऊन त्यानं केसरबाईला ते सगळं सांगितलं, हातवारे करून, दोनदा. ती भाकरी उलटायची विसरली. तवा धुरकटला.

चपलेचा आराखडा तयार झाला. फोमचे तीन थर, खालचा कडक, वरचा मऊ. रंग तिच्या आवडीचा, वांगी. आणि कडुबाचं स्वतःचं म्हणून एक डोकं: पुढच्या बाजूला अंगठ्याभोवती लवचिक प्लॅस्टिकची बोटभर उंच भिंत. उंबऱ्याला, दगडाला ठेच लागली तर भिंतीला लागेल, पायाला नाही.

“मावशींना घेऊन या,” दीपमाला म्हणाली. “फोननं पायाचा स्कॅन घेऊ. दहा मिनिटांचं काम.”

“माप मी घेतो,” कडुबा म्हणाला. “बत्तीस वर्षं तेच केलंय.”

रविवारी सकाळी त्यानं ओट्यावर कागद अंथरला. केसरबाई पातळ घोट्यावर धरून उभी राहिली. त्यानं पेन्सिल उभी धरून पावलाभोवती फिरवली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती आणि तिचं पाऊल त्यानं असं पहिल्यांदाच पाहिलं.

“गुदगुल्या व्हतेत म्हणायचं, तर त्या बी होईनात,” ती म्हणाली.

“हलू नको.”

“तुमी आता बोलायलाव, तर मी हलायची कशाला?”

त्यानं आपली पट्टी लावली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोनशे पस्तीस मिलिमीटर. वहीत लिहिलं. पुढं आठची जागा, म्हणजे दोनशे त्रेचाळीस. रुंदी लिहिली. कागद घरीच ठेवला. शेडवर गेले ते फक्त आकडे. मशीनला आकडे पुरतात. मशीननं ते जसेच्या तसे घेतले. कुठल्या पट्टीचे आकडे, हे ते विचारत नाही.

चप्पल झाली ती बघण्यासारखी झाली. कडा एकसारख्या, भिंत गुळगुळीत, पट्टा मऊ. केसरबाईनं पाय आत सरकवला.

“बसली?”

“बसली की.”

“कुठं दाबत नाय ना?”

“मला काय दाबणार, अहो?” ती हसली आणि ओट्यावरून गल्लीत उतरली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. “लीलाबाई! बघितली का? ह्यांनी केली. काम्प्युटरवर!”

लीलाबाई पलीकडच्या घरातली. तिलाही साखर. आठवड्याभरात तिनं पाऊल पुढं केलं. मग मागच्या गल्लीतल्या सरूबाईनं. दोघींचीही मापं कडुबानं ओट्यावर घेतली. कार्यशाळेच्या नियमाप्रमाणं आराखडा सगळ्यांसाठी उघडा ठेवला गेला. दीपमालानं त्याला नाव दिलं, ‘कडुबाकाकांची चप्पल’. नांदेडहून, कोल्हापूरहून, अगदी कर्नाटकातूनही लोकांनी तो उतरवून घेतला. दीपमाला यादी वाचून दाखवायची आणि कडुबा मान खाली घालून ऐकायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं केलेली वस्तू कुणाच्या तरी पायात चालत होती.

तो रोज सकाळी आरसा घेऊन केसरबाईचे तळवे बघायचा. टाच, चवडा, बोटांच्या मधल्या फटी. स्वच्छ. पुढं पुढं अंगठ्याचं टोक हळदीनं पिवळं दिसायला लागलं.

“हे काय?”

“सैपाकात लागली आसंल.”

सैपाकात हळद हाताला लागते, पायाला कशी लागेल, हे त्याच्या मनात आलं नाही. तो तळवे बघत होता.

अडीच महिन्यांनी एका दुपारी खोलीत वास आला. कडुबाला वाटलं, उंदीर मेला असेल. त्यानं मांडणी सरकवली, कपाटामागं वाकून पाहिलं. केसरबाई खाटेवर पाय पदराखाली घेऊन बसली होती, अंगात ताप. वास तिथून येत होता. त्यानं पदर बाजूला केला. उजवा अंगठा टोकाकडून काळा पडला होता आणि नखाच्या कडेनं पाणी वाहत होतं.

“कधीपासून?”

तिनं पदर पुन्हा पायावर ओढला.

“केसर, कधीपासून?”

“तीन हप्ते झाले आसतील. आधी निस्ता लाल डाग होता, मी वरून हळद थापत गेले.”

“मंग सांगितलं का नाय?”

“सांगितलं असतं तर चप्पल काढून घेतली असती तुमी,” ती भिंतीकडं बघत म्हणाली. “अन् मंग परत ओट्यावर जाऊन बसले असते. मुके.”

दवाखान्यात आधी अंगठा काढला. आठ दिवसांनी डॉक्टरीण म्हणाली, विष वर सरकतंय, थांबता येणार नाही. मग पावलाचा पुढचा जवळजवळ अर्धा भाग काढला. कडुबानं दोन्ही वेळा सही केली. विशाखा नाशिकहून आली, आईच्या उशाशी बसली. बापाला तिनं काही विचारलं नाही. तिला त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नसावं. साखरेच्या माणसांचं असं होतं, असं सगळेच म्हणत होते.

कडुबाला ते पटत नव्हतं. काळं पडलं होतं ते नेमकं भिंतीला टेकणारं टोक. आठची जागा ठेवली होती. आठच्या जागेत अंगठा भिंतीला टेकेल कसा?

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरच्या शनिवारी तो उजवी चप्पल पिशवीत घालून शेडवर गेला. पट्टी बरोबर घेतली होती. दीपमाला धावत आली, “काका, मावशी कशा आहेत?” त्यानं टेबलावर चप्पल ठेवली, पट्टी लावली आणि तिला बोलावलं.

“आराखड्यात किती हाय?”

“दोनशे त्रेचाळीस.”

“अन् हिच्यात बघ. दोनशे अडतीस. तुझं मशीन आखडू लागलंय, पोरी. पाच मिलिमीटर खाल्लं त्यानं.”

त्याचा आवाज चढला होता. कोपऱ्यातली पोरं वळून बघू लागली. दीपमाला उलटून बोलली नाही. तिनं भिंतीवरची कार्यशाळेची पट्टी काढली आणि चपलेला लावली. दोनशे त्रेचाळीस. केसभरही कमी नाही. तिनं पुन्हा लावून पाहिली. मग काही न सुचून तिनं ती पट्टी कडुबाच्या पट्टीशेजारी ठेवली, शून्याला शून्य जुळवून.

दहाच्या रेघा जुळल्यासारख्या वाटल्या. पन्नासला फट दिसू लागली. शंभरला ती दोन रेघांची झाली. दोनशेला दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून दूर निघून गेल्या होत्या.

“काका, तुमची पट्टी चुकीची आहे का?” दीपमालानं हळूच विचारलं.

“नाय,” कडुबा म्हणाला. “ती बरोबर हाय.”

तो बाकावर बसला. त्याला समजावून सांगायची काही गरज नव्हती. या शेडमध्ये ते त्याच्याइतकं कुणालाच समजणार नव्हतं. पाऊल दोनशे चाळीसचं होतं. त्यानं ते दोनशे पस्तीसचं वाचलं. आठची जागा म्हणून ठेवली ती तीनची उरली. माणूस चालताना पाऊल पुढं सरकतं, संध्याकाळी सुजतं. तीन संपायला काय लागतं? अंगठा रोज त्या भिंतीवर घासत होता, ठेच लागू नये म्हणून त्यानं बांधलेल्या भिंतीवर. आणि ज्या पायानं ओरडायचं, तो पाय मुका होता.

सांडू फाटकावरून आत आला. त्यानं टेबलावरच्या दोन पट्ट्या पाहिल्या आणि त्याला क्षणात कळलं. “आरं कडुबा,” तो म्हणाला, “आरं, ही तर आपली पोलादाची...”

मग कडुबा एकदम उठला. “लीलाबाई,” तो म्हणाला. “सरूबाई.”

दीपमालानं त्याला गाडीवर मागं बसवून मुकुंदवाडीत आणलं. लीलाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती, पायात चप्पल.

“ती काढा आधी,” कडुबा म्हणाला.

“का वं? काय झालं? केसर बरी हाय ना?”

“काढा म्हणतो ना! पाय दाखवा.”

“अगं बया, दारात येऊन पाय दाखवा म्हणतेत! पोरी, काय झालं ह्यांना?” लीलाबाईनं हसण्यावारी नेत चप्पल काढली. दीपमाला खाली बसली, तिनं अंगठा हातात घेतला. टोकाला मसुरीएवढा लाल डाग होता. अजून कातडी शाबूत होती.

“चप्पल परत द्या,” कडुबा म्हणाला. “माप चुकलं माझं. पट्टी दुसऱ्या कामाची होती. सगळ्यांचीच मापं लहान आली.”

“सगळ्यांची म्हंजे?” लीलाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “म्हंजे केसरचा बी...”

“व्हय.”

लीलाबाईनं दुसरी चप्पल काढली आणि दोन्ही त्याच्याकडं सरकवल्या. हातानं नाही, पायानं. मग तिलाच ते जाणवलं असावं. तिनं पदर तोंडाला लावला. सरूबाईच्या पायावर काहीच नव्हतं. ती चपला घालायचीच नाही. पाहुणे आले की दाखवायला काढायची. कडुबानं त्याही पिशवीत घातल्या.

शेडवर परत आल्यावर दीपमाला म्हणाली, “आराखड्याखाली एक सूचना टाकते. माप साध्या पट्टीनं घ्या, घेतलेलं माप दुसऱ्याकडून तपासून घ्या, म्हणून.”

“तसं नाय. काय झालं ते लिही. कुणाचा पाय, किती गेला, कुणाच्या हातून.”

“काका, लोकांना एवढं सांगायची गरज नाही हो. आराखडा बरोबर आहे. आणि लोक काय म्हणतील...”

“निस्ती सूचना कोण वाचतं?” कडुबा म्हणाला. “मी तरी वाचली असती का?”

त्यानं एक एक वाक्य सांगितलं, तिनं टाईप केलं. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. “ ‘माझ्या बायकोचा’ लिहू, की ‘एका रुग्णाचा’?” तो म्हणाला, “नाव लिही तिचं. केसरबाई कडुबा दाभाडे.”

तिचं नाव तिला न विचारता जगापुढं ठेवलं, हे त्याच्या ध्यानात दवाखान्याच्या जिन्यावर आलं.

केसरबाई उशीला टेकून बसली होती. पायावर चादर होती आणि चादरीखाली एका बाजूचा उंचवटा दुसरीपेक्षा लवकर संपत होता. विशाखा डबा धुवायला गेली होती. कडुबा स्टुलावर बसला आणि त्यानं सांगितलं. पट्टीचं सांगितलं, पाच मिलिमीटरचं सांगितलं, लीलाबाईच्या अंगठ्याचं सांगितलं, कार्यशाळेत काय लिहिलं तेही सांगितलं. पोलाद कसं आकसतं हे सांगायला लागला तेव्हा तिनं हात वर केला.

“ऱ्हाऊ द्या.”

तो थांबला.

“मला वाटलं, माझ्याच लपवण्यानं झालं,” ती म्हणाली. “इतके दिवस मी तेच धरून पडले व्हते.”

“लपवलं नसतं, तर निस्त्या अंगठ्यावर भागलं असतं कदाचित,” तो म्हणाला. खरं बोलायला बसला होता, म्हणून हेही खरं बोलून गेला. बोलल्यावर त्याला ते परत घ्यावंसं वाटलं. तसलं बटण तिथं नव्हतं.

केसरबाईनं तोंड खिडकीकडं केलं. विशाखा डबा घेऊन आली, दोघांकडं पाहून तिनं विचारलं, “काय झालं?” दोघंही “काय नाय” म्हणाले. एकाच वेळी म्हणाले.

घरी आल्यावर केसरबाई त्याच्याशी बोलत होती. गोळ्या द्या, पाणी द्या, कुकर बंद करा. रागाचा एक शब्द नाही. लीलाबाई येऊन रडून गेली, तिलाही तिनंच समजावलं. वंदनेला जाता येत नव्हतं, म्हणून विहारातल्या बाया रविवारी तिच्याकडं येऊ लागल्या. ती भिंतीला टेकून हात जोडायची. कडुबा बायांच्या चपला ओट्यावर ओळीनं लावून ठेवायचा आणि आत यायचा नाही.

पाच महिन्यांनी जखम भरली. डॉक्टरीण म्हणाली, उजव्या पायाला पुढं भरण असलेला बूट करावा लागेल, नाहीतर चालताना तोल जाईल आणि उरलेल्यावर भार येईल. या वेळी अंदाजानं काही करू नका. दीपमाला म्हणाली, आपण करू, डॉक्टरांना दाखवत दाखवत करू. शनिवारी ती मुकुंदवाडीत आली. पिशवीत फोन होता, वही होती, कार्यशाळेची पट्टी होती.

कडुबानं ओट्यावर कागद अंथरला. चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. केसरबाई वॉकर धरून बाहेर आली. कडुबा गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दीपमालाकडं पट्टीसाठी हात पुढं केला.

“तुमी नका,” केसरबाई म्हणाली.

आवाजात काही नव्हतं. पाणी नको, म्हणावं तसं.

“मावशी, काका नुसती पट्टी धरतील, आकडा मी बघते,” दीपमाला म्हणाली.

“तू मोज, बाई. ह्यांना मला धरू दे. मी एका पायावर नाय ऱ्हाणार.”

कडुबा उठला. ती त्याच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली. सगळा भार तिनं त्याच्यावर दिला. आजारात ती हलकी झाली होती, तरी त्याला पाय रोवून उभं राहावं लागलं. दीपमालानं दिलेली वही त्याच्या मोकळ्या हातात होती. ती ओट्याच्या कठड्यावर टेकवून त्यानं पेन उघडलं.

खाली दीपमालानं आधी फोन पावलांभोवती फिरवला, मग पट्टी लावली. “डावा, दोनशे चाळीस.”

त्यानं लिहिलं.

“उजवा,” दीपमाला म्हणाली आणि पट्टी पुन्हा नीट लावल्यासारखं करून थोडा वेळ घेतला. “उजवा, एकशे बेचाळीस.”

त्यानं लिहिलं. केसरबाईचा हात त्याच्या खांद्यावर होता, तोंड गल्लीकडं.

“लिहिलं का?”

“लिहिलं.”

“वाचून दाखवा.”

त्यानं वाचून दाखवलं. डावा दोनशे चाळीस, उजवा एकशे बेचाळीस. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं खाली वाकून बसलेल्या दीपमालाला म्हटलं, “अजून एकदा मोज, बाई.”